शितावरून भात कळत नाही तेव्हा: तेल-वायू उद्योगातल्या मिथेनचा हिशेब

प्रत्येक देश ठरावीक काळाने आपल्या हरितगृह वायूंचा हिशेब संयुक्त राष्ट्रांकडे देतो. शेकडो पानांच्या त्या अहवालात एक रकाना असतो: तेल आणि नैसर्गिक वायू उद्योगातून वर्षभरात हवेत गेलेला मिथेन. तिथे एक आकडा लिहिलेला असतो, कधीकधी दशांशचिन्हानंतरच्या दोन स्थळांसकट. वाचताना वाटतं, कोणीतरी कुठेतरी मीटर बसवून हे मोजलं असणार. बहुतेक देशांत तसं काही झालेलं नसतं. तो आकडा गुणाकार करून काढलेला असतो, आणि त्या गुणाकारातली एक संख्या कित्येकदा दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच दशकात, वेगळ्याच यंत्रांवर ठरलेली असते.

हा आकडा कसा तयार होतो आणि कुठे घसरतो, हे सामान्य वाचकालाही कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. मिथेन हवेत सरासरी बारा वर्षांच्या आसपास टिकतो. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत हे आयुष्य अगदी थोडं. पण तेवढ्या काळात तो उष्णता धरून ठेवण्यात फार पुढे असतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक शास्त्रीय मंडळाच्या सहाव्या मूल्यमापन अहवालानुसार खनिज इंधनातून सुटलेला एक टन मिथेन २० वर्षांच्या हिशेबाने ८२.५ टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीची तापमानवाढ करतो आणि १०० वर्षांच्या हिशेबाने २९.८ टनांच्या तोडीची. म्हणजे आज मिथेन रोखला तर त्याचा परिणाम आपल्याच हयातीत दिसू शकतो. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत जागतिक मिथेन प्रतिज्ञा पुढे आली आणि पुढे दीडशेहून अधिक देश तिच्यात सामील झाले. मानवी व्यवहारांतून सुटणारा मिथेन २०३० पर्यंत २०२० च्या तुलनेत किमान ३० टक्क्यांनी कमी करायचा, हे तिचं उद्दिष्ट. आता २०२० चाच आकडा चुकलेला असेल, तर ३० टक्के कशातून वजा करायचे?

मिथेन निसटतो कुठून

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेनच. तो विहिरीतून निघाल्यापासून शेवटच्या शेगडीपर्यंत पोचेतो शेकडो सांधे, व्हॉल्व्ह, टाक्या आणि कॉम्प्रेसर ओलांडतो. त्याला रंग नाही, वासही नाही. शेगडीच्या वायूला येणारा वास नंतर मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. त्यामुळे विहिरीजवळ उभ्या असलेल्या माणसाला शेजारून काही किलो मिथेन निघून जात असला तरी कित्येकदा पत्ता लागत नाही.

जवळून बघायचं तर कच्च्या तेलाची साठवण टाकी घेऊ. जमिनीखालून तेल येतं तेव्हा ते दाबाखाली असतं आणि त्यात वायू विरघळलेला असतो. विभाजकात बराचसा वायू वेगळा काढतात, पण तेल साध्या दाबाच्या टाकीत उतरलं की उरलासुरला वायू फसफसून बाहेर येतो, सोड्याची बाटली उघडल्यावर बुडबुडे यावेत तसा. टाकीच्या माथ्यावर एक झाकण असतं. तेलाची पातळी बघायला आणि नमुना काढायला ते उघडतात. त्याचं रबर झिजलं, किंवा घाईत ते नीट बसवलं गेलं नाही, की टाकीतला वायू तिथून सतत निघत राहतो. डोळ्यांना काही दिसत नाही. अवरक्त कॅमेरा लावला की त्याच झाकणातून धुरासारखा लोट बाहेर पडताना दिसतो. मिथेन ३.३ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून घेतो आणि कॅमेऱ्यातला फिल्टर नेमका त्याच पट्ट्यातला प्रकाश आत सोडतो.

ही झाली नकळत होणारी गळती. दुसरा प्रकार जाणूनबुजून सोडण्याचा. जिथे वीज पोचलेली नाही अशा ठिकाणी व्हॉल्व्ह उघडायला-मिटायला वायूचाच दाब वापरतात. त्या नियंत्रकाची रचनाच अशी असते की प्रत्येक हालचालीला थोडा वायू हवेत सुटतो. तो बिघाड नसतो, यंत्र बनवलेलंच तसं असतं. विहिरीत पाणी साचून वायूचा मार्ग अडला की ते बाहेर काढण्यासाठी विहीर काही वेळ हवेत मोकळी सोडतात. दुरुस्तीआधी पाइपलाइनचा तुकडा रिकामा करतात. हे सगळं कामाचाच भाग धरलं जातं.

तिसरा प्रकार म्हणजे फ्लेअर, तेलक्षेत्रांवर जळणारी ती उंच ज्योत. नको असलेला वायू जाळला की मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि नुकसान कमी होतं. हिशेबात वर्षानुवर्षं असं धरलं गेलं की फ्लेअरमध्ये ९८ टक्के मिथेन जळून जातो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पर्मियन, ईगल फोर्ड आणि बाकेन या तीन क्षेत्रांवर विमानातून केलेली मोजणी प्रसिद्ध झाली. विझलेल्या ज्योती धरून प्रत्यक्षातली सरासरी ९१.१ टक्के निघाली. ९८ आणि ९१ यांत फार अंतर नाही असं वाटेल. पण आपल्याला मोजायचाय तो न जळलेला भाग. तो २ टक्क्यांवरून जवळजवळ ९ टक्क्यांवर जातो, म्हणजे चौपटीहून जास्त होतो.

खालून वर: गुणाकाराची पद्धत

आयपीसीसीने २००६ मध्ये देशांसाठी मार्गदर्शिका काढली आणि २०१९ मध्ये तिच्यात सुधारणा केल्या. पद्धतीचा गाभा एका ओळीचा आहे: गोष्टी किती आहेत ते मोजा, एका गोष्टीमागे सरासरी किती मिथेन सुटतो त्या संख्येने गुणा. या दुसऱ्या संख्येला उत्सर्जन गुणांक म्हणतात. विहिरी इतक्या, कॉम्प्रेसर इतके, पाइपलाइन इतके किलोमीटर, प्रत्येकाचा गुणांक हा. गुणाकार करा, बेरीज करा.

मार्गदर्शिकेत तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर देशाने फक्त एकूण उत्पादन घ्यायचं आणि मार्गदर्शिकेत छापलेला तयार गुणांक लावायचा. दुसऱ्या पायरीवर गुणांक देशाचा स्वतःचा हवा. तिसऱ्या पायरीवर प्रत्येक प्रकारचं यंत्र, प्रत्येक केंद्र वेगळं धरायचं आणि शक्य तिथे प्रत्यक्ष मोजायचं.

पहिली पायरी किती ढोबळ आहे ते एका उदाहरणावरून कळेल. २००६ च्या मार्गदर्शिकेत विकसनशील देशांसाठी वायू-उत्पादनातल्या गळतीचा गुणांक दिलाय तो दर दहा लाख घनमीटर उत्पादनामागे ०.३८ टन ते २४ टन असा. दोन टोकांमध्ये साठपटीहून जास्त अंतर. दहा लाख घनमीटर वायूचं वजन साधारण ६८० टन भरतं. म्हणजे खालचं टोक धरलं तर उत्पादनाच्या हजारातला एखादा भागही निसटत नाही, आणि वरचं धरलं तर साडेतीन टक्के निसटतो. एकाच देशाचं, एकाच वर्षाचं, एकाच उत्पादनाचं चित्र या दोन टोकांच्या मध्ये कुठेही बसू शकतं. यात लबाडी असेलच असं नाही. ज्या कार्यालयात दोन-तीन माणसं सगळ्या क्षेत्रांचा हिशेब करतात, त्यांच्या हाती बहुधा तेवढंच असतं.

दुसऱ्या पायरीवरचे गुणांक येतात कुठून? यातला सर्वांत प्रभावी संच अमेरिकेतला आहे. तिथल्या पर्यावरण संस्थेने आणि वायू उद्योगाच्या संशोधन संस्थेने मिळून केलेला पंधरा खंडांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. आधार वर्ष होतं १९९२. निष्कर्ष असा की एकूण उत्पादनाच्या सुमारे १.४ टक्के मिथेन हवेत जातो, अर्धा टक्का इकडेतिकडे. त्या काळाच्या मानाने ते फार कष्टाचं आणि मोलाचं काम होतं. त्यातले गुणांक पुढे अनेक वर्षं, अनेक ठिकाणी वापरले गेले. दरम्यान शेल वायूचं, म्हणजे घट्ट खडकातून काढलेल्या वायूचं, युग आलं, विहिरी खोदायची पद्धत बदलली, यंत्रं बदलली. गुणांक मात्र कितीतरी ठिकाणी तेच राहिले.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. गुणांक बदलला की देशाचं उत्सर्जन कागदावर बदलतं, जमिनीवर एक नटही न आवळता. अमेरिकेच्या अहवालात २०११ मध्ये वायू उद्योगाचा मिथेन एकदम खूप वाढला आणि २०१३ मध्ये बराच खाली आला. दोन्ही वेळा मुख्य कारण होतं गणिताची पद्धत बदलणं. विहिरी मोकळ्या सोडताना किती वायू सुटतो याचा अंदाज बदलला होता. नियमानुसार नवा गुणांक मागच्या वर्षांनाही, अगदी १९९० पर्यंत, लावावा लागतो. म्हणून ‘उत्सर्जन इतक्या टक्क्यांनी घटलं’ अशी बातमी वाचली की एक प्रश्न विचारावा: एकाच अहवालातल्या दोन वर्षांची तुलना आहे, की दोन वेगवेगळ्या अहवालांतल्या आकड्यांची? दुसरी असेल तर तिला काही अर्थ उरत नाही.

शितावरून भाताची परीक्षा

आता मूळ अडचणीकडे येऊ. माझ्या मते सगळा विषय इथेच अडकलेला आहे.

सरासरी गुणांक काढणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करणं. ती परीक्षा खरी ठरते, कारण पातेल्यातला भात साधारण एकसारखा शिजतो. एक शीत मऊ लागलं तर बाकीची कच्ची नसणार. मिथेनच्या गळतीत असा सारखेपणा औषधालाही नाही. बहुतेक ठिकाणी ती क्षुल्लक असते आणि मोजक्या ठिकाणी प्रचंड. २०१६ मध्ये अनेक जुन्या अभ्यासांतली हजारो मोजमापं एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा दिसलं की सर्वांत मोठ्या ५ टक्के गळत्यांतून एकूण मिथेनचा निम्म्याहून अधिक भाग येतो.

याचा गणितावर काय परिणाम होतो ते छोट्या काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा एका देशात २०,००० विहिरी आहेत. दर शंभरातल्या ९९ विहिरींवर तासाला अर्धा किलो मिथेन सुटतो. शंभरावीवर काहीतरी बिघडलेलं आहे आणि तिथून तासाला ८० किलो सुटतो. शंभर विहिरींची बेरीज १२९.५ किलो, म्हणजे खरी सरासरी तासाला सुमारे १.३ किलो. देशाचं वर्षाचं खरं उत्सर्जन होतं २ लाख २७ हजार टनांच्या घरात.

पण हे कोणाला ठाऊक नाही. एक पथक त्या शंभरांपैकी कुठल्याही वीस विहिरी निवडून मोजतं. पाचपैकी चार वेळा बिघडलेली विहीर या विसांत येणारच नाही. मग सरासरी निघेल अर्धा किलो आणि देशाचा आकडा ८७,६०० टन, खऱ्याच्या निम्म्याहून कमी. पाचातून एकदा ती विहीर नमुन्यात सापडेल. तेव्हा सरासरी निघेल सुमारे साडेचार किलो आणि देशाचा आकडा ७ लाख ८४ हजार टन, खऱ्याच्या तिपटीहून जास्त. पथकाने प्रामाणिकपणे मोजलं, उपकरणं चोख होती, बेरीज बरोबर होती. तरी एकाही खेपेला उत्तर बरोबर आलं नाही. आणि पाचातल्या चार खेपांना ते कमीच आलं. नमुन्यात आलेल्या एका प्रचंड गळतीला कोणी ‘अपवाद’ म्हणून बाजूला काढलं, तर पाचव्या खेपेलाही कमीच येईल.

प्रत्यक्षात यात आणखी एक पेच आहे. मोजणी करायला कंपनीची परवानगी लागते. परवानगी सहसा त्याच कंपन्या देतात ज्यांना आपल्या देखभालीची खात्री असते. बिघडलेली विहीर नमुन्यात येण्याची शक्यता अशी आधीच घटलेली असते.

शिवाय मोठी गळती नेहमी मोठ्या विहिरीवर असते असंही नाही. अमेरिकेत दिवसाला १५ पिंपांहून कमी उत्पादन देणाऱ्या विहिरींचा देशाच्या तेल-वायू उत्पादनात वाटा जेमतेम ६ टक्के, पण विहिरींवरून सुटणाऱ्या मिथेनमध्ये तो जवळपास निम्मा, असा अंदाज २०२२ मध्ये मांडला गेला. अशा विहिरीतून मिळकत थोडी, त्यामुळे तिच्याकडे लक्ष देणारंही कोणी नसतं. जो देश गुणांक उत्पादनाला लावतो, विहिरींच्या संख्येला लावत नाही, त्याच्या हिशेबातून हा सगळा भाग निसटतो.

वरून खाली: हवेलाच विचारायचं

दुसरा मार्ग उलटा आहे. यंत्रं मोजत बसायचं नाही, हवेत मिथेन किती वाढलाय ते बघायचं आणि तो कुठून आला असेल ते शोधायचं.

विमानाची पद्धत समजायला सोपी आहे. तेलक्षेत्राच्या पलीकडे, वारा ज्या दिशेने वाहतोय त्या बाजूला, एक अदृश्य भिंत कल्पा: दहा किलोमीटर लांब, एक किलोमीटर उंच. विमान त्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर येरझाऱ्या घालतं आणि हवा तपासत राहतं. वारा सेकंदाला ४ मीटर असेल तर भिंतीतून दर सेकंदाला ४ कोटी घनमीटर हवा जाते. क्षेत्राच्या अलीकडच्या हवेपेक्षा इथे मिथेन अब्जात फक्त ३० भागांनी जास्त आढळला, तर त्याचा अर्थ सेकंदाला १.२ घनमीटर मिथेन, म्हणजे तासाला जवळजवळ तीन टन. अब्जात तीस भाग ही किती बारीक वाढ आहे पाहा. एकूण हवेतच मिथेन अब्जात १,९०० भागांच्या वर आहे. आणि वाऱ्याचा वेग ४ ऐवजी ५ धरला की उत्तर थेट २५ टक्क्यांनी वाढतं. या पद्धतीतली सगळ्यात मोठी चूक बहुधा मिथेनच्या उपकरणात नसते, ती वाऱ्याच्या अंदाजात असते.

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसजवळच्या अलिसो कॅन्यन इथे भूमिगत वायुसाठ्याची एक विहीर फुटली. ती १९५० च्या दशकात तेलासाठी खोदलेली होती आणि १९७३ मध्ये वायू साठवण्याच्या कामाला लावली होती. आतला पोलादी पाइप गंजला होता. स्टीफन कॉन्ली हे शास्त्रज्ञ-वैमानिक आपल्या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून ७ नोव्हेंबरला त्या लोटातून गेले. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत अशी तेरा उड्डाणं झाली. ऐन भरात तासाला ६० टनांपर्यंत मिथेन सुटत होता. गळती ११२ दिवस चालली आणि उड्डाणांवरून एकूण अंदाज निघाला ९७,१०० टन. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने वेगवेगळी मोजमापं जुळवून १,०९,००० टन हा आकडा धरला, ९,००० टन कमीजास्त. जगातली बहुधा सर्वांत बारकाईने अभ्यासलेली ही गळती. तिच्याबाबतही दोन जाणकार अंदाजांत बारा हजार टनांचा फरक राहतो. मग हजारो अनोळखी गळत्यांच्या बेरजेकडून दशांशापर्यंतची अचूकता मागणं किती अवाजवी आहे, ते लक्षात येईल.

उपग्रहाचं काम प्रकाशावर चालतं. सूर्यप्रकाश जमिनीवर आपटून परत जाताना वाटेतला मिथेन त्यातले ठरावीक रंग खातो. परतलेल्या प्रकाशात ते रंग किती फिके झाले यावरून मिथेन किती ते काढतात. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सोडलेल्या युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण रोज जवळजवळ सगळी पृथ्वी बघतं. पण त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर सुमारे साडेपाच बाय सात किलोमीटरचा असतो. इतक्या पसाऱ्यात फक्त राक्षसी गळतीच उठून दिसते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ओहायोत एक वायूविहीर फुटली, तेव्हा तेराव्या दिवशी ट्रोपोमीला तिचा लोट दिसला: तासाला सुमारे १२० टन, अलिसो कॅन्यनच्या ऐन भराच्या दुप्पट. वीस दिवसांत त्या एका विहिरीतून सुमारे ६०,००० टन मिथेन गेला. गुणाकाराच्या कोणत्याही तक्त्यात अशा घटनेसाठी रकाना नसतो. ती वेगळी नोंदवावी लागते, आणि नोंदवायची तर आधी कोणाला तरी दिसावी लागते.

कॅनडातल्या जीएचजीसॅट कंपनीच्या उपग्रहांची नजर याहून बारीक आहे, पंचवीस-पन्नास मीटरपर्यंतची, पण ते एका वेळी थोडाच भाग बघतात. त्यांच्या पहिल्या उपग्रहाने २०१९ मध्ये पश्चिम तुर्कमेनिस्तानातल्या एका चिखल-ज्वालामुखीवर रोख धरला होता. चित्रात शेजारीच, कोर्पेजे तेल-वायू क्षेत्रातून, भलताच मोठा मिथेनचा लोट निघताना दिसला. ट्रोपोमीच्या जुन्या नोंदी काढल्या तेव्हा कळलं की हे काही नवीन नव्हतं. म्हणजे तोवर कोणीच तिकडे पाहिलेलं नव्हतं. मला ही घटना विसरता येत नाही.

उपग्रहाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ढग आले की बहुतेक उपग्रह आंधळे होतात. रात्री सूर्यप्रकाश नसतो. पाणी काळं असल्याने समुद्रातल्या तेलमंचांवरची गळती दिसणं कठीण. सूर्याचं प्रतिबिंब नेमकं कोनात आलं तरच जमतं. बर्फाळ उत्तरेला आणि विषुववृत्ताच्या ढगाळ पट्ट्याला उपग्रह न्याय देत नाहीत. ज्या देशावरचं आकाश स्वच्छ, जमीन कोरडी आणि फिकी, तो आपोआप जास्त पकडला जातो. देशादेशांची तुलना करताना हे विसरलं की अन्याय होतो.

दोन वाटा एका जागी आणणं

हवेत सापडलेला सगळा मिथेन तेल-वायूचाच नसतो. गुरं, भातशेती, कचऱ्याचे ढीग, दलदली, कोळसा खाणी, सगळ्यांचा मिथेन तिथे मिसळलेला असतो. वेगळा काढायची एक सुंदर युक्ती म्हणजे इथेन. नैसर्गिक वायूत मिथेनसोबत थोडा इथेन असतो. गुरांच्या पोटात किंवा दलदलीत तो जवळजवळ तयार होत नाही. लोटात दोन्ही एकत्र वाढलेले दिसले की समजायचं, हा वायू उद्योगातून आला. कार्बनच्या समस्थानिकांवरूनही असंच ओळखतात.

मोठ्या प्रदेशासाठी संगणकावर वाऱ्याचं प्रारूप चालवतात. सुरुवातीचा अंदाज म्हणून बहुधा देशाचा तोच गुणाकाराने काढलेला हिशेब आत घालतात आणि उपग्रहाला दिसतं त्याच्याशी जुळेपर्यंत तो बदलत नेतात. इथे एक मेख आहे. सुरुवातीच्या नकाशात एखादं क्षेत्र मुळातच नसेल, तर वाढलेला मिथेन प्रारूप शेजारच्या भलत्याच कोणाच्या माथी मारू शकतं.

या दोन वाटांची सर्वांत मोठी समोरासमोर तपासणी अमेरिकेत झाली. रॅमन अल्वारेझ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनेक क्षेत्रांतली मोजमापं एकत्र आणली आणि २०१५ या वर्षासाठी तेल-वायू साखळीचं उत्सर्जन सुमारे १.३ कोटी टन काढलं: एकूण वायू उत्पादनाच्या २.३ टक्के, सरकारी आकड्यापेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त. पश्चिम कॅनडात हवेच्या आठ वर्षांच्या नोंदींवरून निघालेलं उत्सर्जन सरकारी हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट होतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सहा प्रदेशांवरची जवळपास दहा लाख हवाई मोजमापं प्रसिद्ध झाली, तेव्हा गळतीचं प्रमाण एका प्रदेशात उत्पादनाच्या ०.७५ टक्के आणि दुसऱ्यात ९.६३ टक्के निघालं. पहिला वायूसाठी चालवलेला, दुसरा झपाट्याने वाढणारा तेलाचा. जिथे वायूच विकायचा माल आहे तिथे तो जपला जातो. जिथे तो तेलासोबत आलेलं लोढणं आहे आणि पाइपलाइन अजून पोचलेली नाही, तिथे तो जाळला जातो किंवा सोडून दिला जातो. अशा देशासाठी ‘राष्ट्रीय सरासरी गुणांक’ कोणता लावणार?

सरकारी आकडा कमी निघणं हे वारंवार दिसत असलं, तरी वरून मोजलेलं नेहमीच खरं असतं असं मानणंही चूक आहे. आर्कान्सामधल्या फेएटविल शेल क्षेत्रात विमानाने मोजलेलं उत्सर्जन जमिनीवरच्या हिशेबापेक्षा बरंच जास्त येत होतं. नीट शोधल्यावर कळलं की विहिरी मोकळ्या सोडून पाणी काढण्याचं काम कामगार दिवसा, कामाच्या वेळेत करतात, आणि विमानही दुपारीच उडतं. दुपारचा तास चोवीस तासांना लावला की आकडा फुगणारच. जमिनीवरच्या हिशेबात तोच दुपारचा वेळ घातल्यावर दोन्ही उत्तरं बरीचशी जुळली. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. फरक का पडला याचा शोध दोन्ही बाजूंनी एकत्र बसून घेतला, तेव्हाच उत्तर सापडलं.

संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या तेल-वायू मिथेन भागीदारीची २०२० मध्ये सुरू झालेली दुसरी आवृत्ती नेमकं हेच मागते. तिच्या पाच पातळ्यांपैकी सर्वांत वरच्या पातळीवर कंपनीने यंत्रागणिक मोजणी करायची, संपूर्ण केंद्रावरची स्वतंत्र मोजणीही करायची, आणि दोन्ही जुळत नसतील तर का ते सांगायचं. युरोपीय संघाचा मिथेनविषयक कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला. त्यातही तयार गुणांकांकडून प्रत्यक्ष मोजणीकडे जाण्याचीच दिशा आहे.

पुढची वाट सरळ नाही. क्षेत्रभर पसरलेली लहान-लहान गळती आणि मोठे लोट दोन्ही एकत्र बघण्यासाठी बनवलेला मिथेनसॅट हा उपग्रह मार्च २०२४ मध्ये वर गेला आणि जून २०२५ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला. बंद पडलेल्या, मालक नसलेल्या विहिरींचा प्रश्न तसाच आहे. एकट्या अमेरिकेत सोडून दिलेल्या सगळ्या विहिरी मिळून तीस लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. त्यांपैकी कित्येकांची जागाही नोंदलेली नाही, मग त्यांना गुणांक कशाचा लावायचा?

तुमच्या हाती एखाद्या देशाचा अहवाल आला, तर मोठ्या आकड्याकडे जाण्याआधी तीन गोष्टी उघडून बघा. आकडा मिथेनच्या टनांत आहे की कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य टनांत, आणि तुल्य असेल तर कोणत्या गुणकाने. पॅरिस कराराखालच्या अहवालांत आयपीसीसीच्या पाचव्या अहवालातला शंभर वर्षांचा २८ हा गुणक वापरतात, पण जुन्या अहवालांत २५ किंवा २१ सापडेल. मग आकड्यासोबत अनिश्चिततेची पट्टी दिली आहे का ते पाहा, आणि ती वरच्या बाजूला जास्त पसरलेली आहे का तेही. शेवटी पद्धतींचा सारांश तक्ता काढा. त्यात तेल-वायूच्या ओळीसमोर छोटी इंग्रजी अक्षरं असतात. ‘टी-१’ म्हणजे पहिली पायरी, ‘टी-३’ म्हणजे तिसरी. ‘सीएस’ म्हणजे देशाचा स्वतःचा गुणांक, ‘पीएस’ म्हणजे त्या-त्या केंद्रावरचा. आणि नुसतं ‘डी’ असेल तर तो मार्गदर्शिकेत छापलेला तयार गुणांक. त्या ओळीत ‘टी-१’ आणि ‘डी’ दिसले, तर त्या देशात त्या रकान्यासाठी अजून कोणी टाकीच्या झाकणासमोर कॅमेरा धरलेला नाही.